इनडोअर टॅनिंग लोशन

हा लेख अतिनील दिव्यांखाली त्वचा रापवताना वापरल्या जाणाऱ्या लोशनांविषयी आहे. इंग्रजीत चामडे कमावण्यालाही ‘टॅनिंग’ म्हणतात. त्या प्रक्रियेचा येथे संबंध नाही.

इनडोअर टॅनिंग लोशन हे टॅनिंग बेडवर, म्हणजे अतिनील किरण सोडणाऱ्या दिव्यांच्या संचात, झोपण्यापूर्वी अंगाला लावले जाणारे सौंदर्यप्रसाधन आहे. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि इतर काही पाश्चात्त्य देशांत टॅनिंग सलूनमधून व ऑनलाइन दुकानांतून त्याची विक्री होते. त्वचा रापवण्याचे काम दिव्याचे किरण करतात. लोशनाची कामे मुख्यतः तीन : त्वचा ओलसर ठेवणे, तिला वरून रंग देणे आणि काही प्रकारांत दाह निर्माण करून तात्पुरती लाली आणणे. बाटलीवरचे नाव काहीही असले तरी आतील द्रव यांपैकी एक किंवा अधिक कामेच करत असतो. या लोशनांत सामान्यतः सूर्यरक्षक घटक नसतात, त्यामुळे ती भाजण्यापासून किंवा त्वचेच्या कर्करोगापासून संरक्षण देत नाहीत. सूर्यरक्षक मलमांसारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांमुळे व ‘त्वचेची काळजी’ या शब्दयोजनेमुळे ग्राहकांचा नेमका याच बाबतीत गैरसमज होतो.

त्वचा रापण्याची क्रिया

लोशनाविषयीचे दावे पारखण्यासाठी त्वचा रापते म्हणजे काय होते, हे समजणे आवश्यक आहे. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात. मेलॅनिनचे दोन मुख्य प्रकार आहेत : तपकिरी-काळे युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन. कोणाच्या त्वचेत कोणते किती बनेल, हे प्रामुख्याने अनुवंशाने ठरते. तांबड्या केसांच्या व अतिशय गोऱ्या व्यक्तींमध्ये युमेलॅनिन पुरेसे बनत नाही. त्यांची त्वचा भाजते, पण रापत नाही. कोणतेही लोशन ही मर्यादा ओलांडू शकत नाही.

अतिनील किरणांपैकी ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांना अतिनील-अ आणि २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या किरणांना अतिनील-ब म्हणतात. अतिनील-अ किरणांमुळे त्वचेत आधीपासून असलेल्या मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण व फेरवाटणी होते आणि काही मिनिटांतच रंग गडद दिसू लागतो. हा रंग लवकर फिकाही पडतो. नवे मेलॅनिन बनण्याची क्रिया मुख्यतः अतिनील-ब किरणांनी सुरू होते आणि तिचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो. टॅनिंग बेडच्या दिव्यांतून बाहेर पडणाऱ्या किरणांत अतिनील-अ किरणांचा वाटा फार मोठा, साधारणतः ९५ टक्क्यांहून अधिक असतो. शक्तिशाली बेडमधील या किरणांची तीव्रता भूमध्य सागराकाठच्या दुपारच्या उन्हाच्या १० ते १५ पट असू शकते.

नवे मेलॅनिन बनण्यास चालना मिळते ती पेशीतील डीएनएला झालेल्या इजेमुळे. इजा झाली की पी-५३ हे प्रथिन सक्रिय होते, त्यातून पुढे मेलॅनोसाइट पेशींना संदेश जातो आणि त्या रंगद्रव्य वाढवतात. ही साखळी २००७ साली प्रकाशित झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाली. रापलेला रंग हा म्हणून निरोगीपणाचा पुरावा ठरत नाही. इजेनंतर शरीराने उभारलेला तो अपुरा बचाव आहे. अपुरा अशासाठी, की उन्हाने आलेल्या रंगाचे संरक्षणमूल्य एसपीएफ २ ते ४ इतकेच भरते आणि केवळ अतिनील-अ किरणांनी आलेल्या रंगाचे जवळजवळ शून्य. सहलीला जाण्यापूर्वी बेडवर ‘पाया’ रापवून घेण्याचा सल्ला सलूनमध्ये सर्रास दिला जातो. त्याला या आकड्यांत आधार नाही.

इतिहास

अतिनील दिव्यांचा आरंभ वैद्यकात झाला. त्वचेच्या क्षयरोगावरील प्रकाशोपचारासाठी डॅनिश वैद्य नील्स फिनसेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९१९ मध्ये बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याने मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला. ऊन म्हणजे आरोग्य हे समीकरण युरोपात रुजण्यास अशा उपचारांचा मोठा हातभार लागला. त्यापूर्वी रापलेली कातडी ही शेतात राबणाऱ्यांची खूण समजली जाई. कारखान्यात आणि कचेरीत काम करणाऱ्यांची संख्या वाढल्यावर हा अर्थ उलटा झाला : ज्याला सागरकिनारी सुट्टी घालवणे परवडते, त्याचा रंग रापलेला. १९२० च्या दशकात फ्रेंच वेशभूषाकार कोको शानेल या समुद्रपर्यटनातून रापून आल्या आणि तीच फॅशन झाली, अशी कथा सांगितली जाते. एका व्यक्तीला इतके श्रेय देणे अतिशयोक्तीचे आहे. बदल तेव्हा होऊ लागला होता, एवढे खरे.

उन्हात लावायची तेले याच सुमारास बाजारात आली. पॅरिसच्या जाँ पातू यांचे सुगंधी तेल १९२७ मधील. त्यानंतर १९३० च्या दशकाच्या मध्यास ‘आँब्र सोलेर’ आणि १९४४ मध्ये अमेरिकेत ‘कॉपरटोन’ आले. ही सर्व प्रसाधने उघड्यावरच्या उन्हासाठी होती.

घरातल्या घरात रापवण्याचा व्यवसाय १९७० च्या दशकात जर्मनीच्या फ्रीडरिश वोल्फ यांच्या दिव्यांमुळे उभा राहिला आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पोहोचला. बेडचा पृष्ठभाग अतिनील किरण आरपार जाऊ देणाऱ्या ॲक्रिलिकचा असतो. खनिज तेलाने तो धूसर होतो, असे सलूनचालक सांगतात आणि समुद्रकिनाऱ्यावर वापरायची तेले बेडवर लावू देत नाहीत. वेगळ्या ‘इनडोअर’ लोशनांच्या विक्रीमागे त्वचेइतकाच बेडच्या देखभालीचाही विचार आहे. सलूनसाठी ही बाटली स्वतंत्र उत्पन्नाचे साधनही आहे. लोशनाशिवाय बेडवर झोपणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे ग्राहकाला बजावले जाते.

घटक आणि प्रकार

बहुतेक लोशनांचा मूळ आधार सारखाच असतो : पाणी, ग्लिसरीन, सिलिकोन, वनस्पतिज तेले, कोरफडीचा अर्क, शिया बटर, सुगंध आणि परिरक्षक. भांगेच्या बियांचे तेल अनेक बाटल्यांवर ठळकपणे मिरवले जाते. ते साधे स्निग्ध तेल असून त्याचा नशेशी संबंध नाही.

या आधारद्रव्याचा एक परिणाम खरा आहे. कोरड्या त्वचेच्या वरच्या मृत थरात बारीक खवले व त्यांच्यामध्ये हवेच्या फटी असतात. त्यांवरून काही प्रकाश परावर्तित होतो. पातळ तेलाने या फटी भरल्या की अधिक किरण आत शिरतात. सोरायसिसवरील अतिनील उपचारात खवल्यांवर पातळ तेल लावण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. जाड थर दिल्यास मात्र किरण अडतात. सलूनमधील ‘लोशन लावल्यास लवकर रापते’ या विधानात तथ्याचा अंश आहे तो एवढाच. पण अधिक किरण आत गेले तर रंगाबरोबर इजाही वाढते. तेलाने आत जाणारी मात्रा वाढत असेल, तर बेडवरची वेळ त्या मानाने कमी करावयास हवी. विक्रीच्या वेळी याचा उल्लेख क्वचितच होतो.

त्वरक लोशनांत, ज्यांना ‘ॲक्सिलरेटर’ किंवा ‘मॅक्सिमायझर’ म्हणतात, टायरोसीन हे ॲमिनो आम्ल किंवा त्याचे ॲसिटिल टायरोसीनसारखे रूप घातलेले असते. कधी तांब्याची संयुगे व रायबोफ्लेविनही असतात. मेलॅनिन टायरोसीनपासून बनते आणि ते बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांबे लागते, हे रसायनशास्त्र बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. पेशीला टायरोसीन रक्तातून पुरेसे मिळत असते. टंचाई कच्च्या मालाची नसून मेलॅनिन बनवण्याच्या संदेशाची असते, आणि तो संदेश किरणांच्या इजेतून येतो. त्वचेवर चोळलेल्या टायरोसीनने रंग अधिक येतो, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टायरोसीनयुक्त त्वरक लोशने व गोळ्या प्रभावहीन असल्याचे म्हटले आहे. महागड्या बाटल्यांत हाच वर्ग मोठा आहे.

ब्राँझर लोशने रंग वरून देतात. साध्या ब्राँझरमध्ये लोहाची ऑक्साइडे, अभ्रकाची पूड किंवा कॅरॅमल असते. हा रंग लगेच दिसतो आणि आंघोळीत निघून जातो. ‘नैसर्गिक’ ब्राँझरमध्ये अक्रोडाच्या सालीचा अर्क किंवा मेंदीतील लॉसोन असते. तिसरा आणि सर्वांत परिणामकारक प्रकार डायहायड्रॉक्सिॲसिटोन, संक्षेपाने डीएचए, या शर्करेचा. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातील ॲमिनो आम्लांशी अभिक्रिया करून तपकिरी संयुगे बनवते. भाजताना पावाचा पापुद्रा ज्या मायार अभिक्रियेने तांबूस होतो, तीच ही अभिक्रिया. रंग दोन ते चार तासांत दिसू लागतो, दिवसभर गडद होत राहतो आणि मेंदीचा रंग उतरतो तसा मृत पेशींबरोबर आठवड्याभरात निघून जातो. एरिथ्रुलोज ही अधिक संथ गतीने रंगणारी शर्करा तिच्या जोडीला वापरतात.

डीएचएचा हा गुण योगायोगाने उघडकीस आला. १९५० च्या दशकात सिनसिनाटी विद्यापीठात ईव्हा विट्गेनस्टाइन या ग्लायकोजेन साठण्याच्या विकाराने आजारी मुलांना हे द्रव्य तोंडावाटे देऊन पाहत होत्या. मुलांच्या तोंडातून सांडलेल्या औषधाने त्वचेवर तपकिरी डाग पडले, कपड्यांवर मात्र पडले नाहीत. १९६० मध्ये या द्रव्यावर आधारित पहिले मोठे व्यापारी उत्पादन अमेरिकेत आले. त्याने हातापायांना नारिंगी झाक येई. आजच्या लोशनांतही प्रमाण जास्त झाले किंवा कोपर, गुडघे, घोटे अशा जाड कातडीच्या जागी ते साचले, तर तीच झाक दिसते. तळहात न धुतल्यास तेही रंगतात.

डीएचए असलेले लोशन लावून बेडवर झोपलेल्या ग्राहकाला दुसऱ्या दिवशी दिसणारा रंग बराचसा बाटलीतून आलेला असतो, पण त्याचे श्रेय तो बेडला देतो आणि पुन्हा तिकडे जातो. खरे पाहता हा रंग मिळवण्यासाठी दिव्याची गरजच नसते. तोच घटक ‘सेल्फ टॅनर’ या नावाने, बेडशिवाय वापरण्यासाठीही विकला जातो.

उष्णता देणाऱ्या लोशनांना ‘टिंगल’ लोशन म्हणतात. मराठी वाचकाला हे नाव चेष्टेचे वाटेल. इंग्रजीत त्याचा अर्थ झिणझिण्या असा आहे. त्यांत मिथिल निकोटिनेट किंवा बेंझिल निकोटिनेट असते, कधी मिरचीतील कॅप्सायसिनही. सांधेदुखीच्या काही मलमांतही हीच द्रव्ये असतात. त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून अंग लाल होते व चुणचुणते. रक्तपुरवठा वाढल्याने त्वचा अधिक रापते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. प्रत्यक्षात काही तासांची लाली रंगात मिसळून गडदपणाचा भास होतो. या लालीमुळे भाजल्याची खरी लाली ओळखू येत नाही, ही अधिक गंभीर बाब आहे. वेळ जास्त झाली हे सांगणारी शरीराची एकमेव उघड खूण त्यामुळे झाकली जाते. चेहरा, नाजूक भाग व नुकतीच दाढी किंवा केस काढलेली त्वचा यांवर ही लोशने अजिबात लावू नयेत. हात न धुता डोळ्यांना लावल्यास तीव्र आग होते.

याखेरीज रापल्यानंतर लावायची लोशने असतात. ती बहुधा सामान्य मॉइश्चरायझरच असतात, कधी थोडे डीएचए घातलेली. मृत पेशी लवकर सुटू नयेत म्हणून त्वचा ओलसर ठेवणे एवढाच त्यांचा उपयोग, आणि तो कोणत्याही साध्या, बिनवासाच्या क्रीमने साधतो.

बर्गमोट तेलाचा धडा

किरणांचा परिणाम खऱ्या अर्थाने वाढवणारा एक घटक टॅनिंग प्रसाधनांत प्रत्यक्ष वापरला गेला होता. बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात बर्गॅप्टेन हे सोरालेन वर्गातील द्रव्य असते. ते अतिनील-अ किरणांच्या उपस्थितीत डीएनएला जोडले जाते आणि त्वचा झपाट्याने काळवंडते. १९७० व १९८० च्या दशकांत फ्रान्समध्ये असे तेल घातलेली प्रसाधने लोकप्रिय होती. सोरालेन व अतिनील-अ यांच्या संयोगाने कर्करोगाचा धोका वाढतो हे लक्षात आल्यावर युरोपीय समुदायाने १९९५ मध्ये सूर्यरक्षक व रापवण्याच्या प्रसाधनांतील अशा द्रव्यांवर किलोमागे एक मिलिग्रॅम ही मर्यादा घातली.

सोरालेन हे नाव सोरालिया या वनस्पती-प्रजातीवरून आले. तिच्यातील एक जाती म्हणजे भारतातील बावची. आयुर्वेदात श्वित्रावर, म्हणजे कोडावर, बावची पूर्वापार वापरली जाते आणि आधुनिक वैद्यकातही सोरालेन व अतिनील-अ यांचा उपचार कोड व सोरायसिसवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला जातो. वैद्याच्या हाती औषध ठरलेली गोष्ट हौसेच्या बाटलीत धोकादायक ठरली. आजही ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लोशनाच्या घटकसूचीत बर्गमोट, लिंबू किंवा अंजिराच्या पानांचा अर्क दिसल्यास ते अंगाला लावून अतिनील दिव्याखाली जाऊ नये. अशा रसांनी उन्हात फोड व काळे चट्टे येतात.

बाटलीवरील दावे

लोशनांवर ‘५० एक्स’, ‘१०० एक्स’, ‘२०० एक्स’ असे आकडे छापलेले असतात. ते ब्राँझरचे सामर्थ्य सुचवतात, पण या ‘एक्स’ची कोणतीही प्रमाणित व्याख्या नाही आणि तो मोजण्याची मान्य पद्धतही नाही. एसपीएफ हा प्रयोगशाळेत मोजलेला आकडा असतो; त्याच्या शेजारी ‘२०० एक्स’ हे केवळ नाव आहे. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना त्यामुळे निरर्थक ठरते.

‘जीवनसत्त्व डी’चा दावाही वारंवार आढळतो. त्वचेत हे जीवनसत्त्व अतिनील-ब किरणांनी बनते. बेडच्या दिव्यांत हे किरण अत्यल्प असतात आणि लोशनात मिसळलेल्या जीवनसत्त्वाने ही उणीव भरून निघत नाही. अमेरिकेतील इनडोअर टॅनिंग असोसिएशन या व्यावसायिक संघटनेवर फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०१० मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा आरोप ठेवला. बेडवर रापणे सुरक्षित आहे व त्याने कर्करोगाचा धोका वाढत नाही, अशी विधाने करण्यास तडजोडीअन्वये तिला मनाई झाली.

निवड

लोशन निवडण्यापूर्वी त्वचेचा प्रकार पाहावा लागतो. त्यासाठी थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली व पुढे सहा प्रकारांपर्यंत विस्तारलेली वर्गवारी वापरतात. पहिल्या प्रकारची त्वचा नेहमी भाजते व कधीच रापत नाही. सहाव्या प्रकारची मुळातच गडद असते. पहिल्या प्रकारच्या व्यक्तीसाठी बेडवर वापरायचे योग्य लोशन अस्तित्वात नाही. दुसऱ्या प्रकारातही भाजण्याचा संभव अधिक असतो. अंगावर पुष्कळ तीळ असणारे, घरात मेलॅनोमाचा इतिहास असणारे आणि १८ वर्षांखालील मुले यांनाही हेच लागू पडते.

काही औषधांनी त्वचा प्रकाशास अतिसंवेदनशील होते. डॉक्सिसायक्लीन, हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि मुरुमांवर दिली जाणारी रेटिनॉइडे ही नेहमीची उदाहरणे. ती चालू असताना कोणते लोशन घ्यावे हा प्रश्नच उद्भवत नाही. बेड टाळावा लागतो.

बाटली हातात घेतल्यावर पुढच्या बाजूऐवजी मागची घटकसूची वाचावी. अमेरिका व युरोप या दोन्ही ठिकाणी एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. सूचीच्या आरंभी पाणी, ग्लिसरीन व तेले असली, तर ते मॉइश्चरायझर आहे, मग नाव काहीही असो. डायहायड्रॉक्सिॲसिटोन वरच्या क्रमांकावर असल्यास रंग येईल. युरोपीय संघात सेल्फ टॅनिंग प्रसाधनांत त्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे. नावात ‘निकोटिनेट’ असलेला कोणताही घटक म्हणजे उष्णता देणारे लोशन, भले पुढच्या बाजूला तसा उल्लेख नसो. टायरोसीनसाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. शेवटी ‘पार्फ्यूम’ व वनस्पतींच्या अर्कांची लांब रांग असेल, तर ॲलर्जीची शक्यता वाढते. अक्रोड किंवा इतर सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्यांनी ही रांग विशेष काळजीपूर्वक वाचावी. युरोपात विकल्या जाणाऱ्या डब्यांवर उघड्या झाकणाच्या चित्रात ‘१२ एम’ असे लिहिलेले असल्यास उघडल्यापासून १२ महिन्यांत ते संपवावे, असा अर्थ होतो. डीएचए उष्णतेने बिघडते, म्हणून मोटारीत राहिलेली बाटली मुदतीपूर्वीच निकामी होऊ शकते.

नवे लोशन कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. सलूनमध्ये एका वेळेपुरत्या पुड्या मिळतात, त्या या चाचणीसाठी सोयीच्या आहेत. कोणत्याही लोशनाने डोळ्यांचे रक्षण होत नाही आणि मिटलेल्या पापण्यांतूनही किरण आत जातात. त्यासाठी अतिनील रोखणारा चष्माच लागतो. तो घातल्याने डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे राहतात म्हणून अनेक जण तो काढून ठेवतात, ही सवय घातक आहे.

रंग हवा पण किरण नकोत, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी डीएचएयुक्त सेल्फ टॅनर हा तुलनेने निर्धोक मार्ग आहे. अमेरिकेत ही शर्करा १९७० च्या दशकापासून बाह्य वापरासाठी मान्य आहे. ओठ, डोळ्यांचा परिसर व श्वासमार्ग यांना ही मान्यता लागू नाही. फवाऱ्याच्या खोलीत त्यामुळे नाक, ओठ व डोळे झाकावे लागतात. या रंगानेही उन्हापासून संरक्षण मिळत नाही. बाहेर पडताना सूर्यरक्षक लावावेच लागते.

धोके आणि नियमन

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये टॅनिंगची उपकरणे ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवली होती. २००९ मध्ये ती पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू व ॲस्बेस्टॉस यांच्या पंक्तीत, आणली गेली. वयाच्या पस्तिशीच्या आत बेडचा वापर सुरू करणाऱ्यांत मेलॅनोमाचा धोका ७५ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे या संस्थेच्या कार्यगटाने केलेल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. अतिनील-अ किरण खोलवर जाऊन कोलॅजेन व इलॅस्टिन तंतूंचा ऱ्हास करतात, त्यामुळे सुरकुत्या लवकर पडतात. सुरकुत्या रोखणारे म्हणून विकले जाणारे टॅनिंग लोशन लावून त्याच किरणांखाली झोपणे हा या व्यवसायातील ठळक विरोधाभास आहे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नची तरुणी क्लेअर ऑलिव्हर हिने मेलॅनोमाने आजारी असताना टॅनिंग बेडविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. २००७ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी तिचे निधन झाले. तिच्या प्रचाराने त्या देशातील कायद्यांना गती मिळाली आणि २०१६ च्या आरंभापर्यंत तेथील राज्यांत व्यावसायिक टॅनिंग बेडवर बंदी आली. ब्राझीलने सौंदर्यासाठीच्या अशा उपकरणांवर २००९ मध्येच बंदी घातली होती. फ्रान्समध्ये १९९७ पासून, जर्मनीत २००९ पासून व इंग्लंड-वेल्समध्ये २०१० च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना मनाई आहे. अमेरिकेत १ जुलै २०१० पासून टॅनिंग सेवेवर १० टक्के केंद्रीय कर आहे. कॅलिफोर्नियाने २०१२ पासून अल्पवयीनांना पूर्ण मनाई केली, आणि २०१४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने या दिव्यांना अधिक कडक नियंत्रणाच्या दुसऱ्या वर्गात टाकून त्यांवर ठळक इशारा सक्तीचा केला.

लोशनांवरचे नियंत्रण यामानाने सैल आहे. ती सौंदर्यप्रसाधने मानली जात असल्याने अमेरिकेत विक्रीपूर्व मान्यता लागत नाही, अपवाद रंगद्रव्यांचा. सूर्यरक्षक घटक नसलेल्या रापवण्याच्या प्रसाधनावर मात्र तेथे एक इशारा छापावा लागतो : यात सूर्यरक्षक नाही, हे भाजण्यापासून वाचवत नाही आणि त्वचा भाजली नाही तरी वारंवार रापवल्याने वार्धक्याच्या खुणा व कर्करोग यांचा धोका वाढू शकतो, अशा आशयाचा. हा मजकूर बहुधा मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असतो.

भारतीय संदर्भ

भारतात ‘टॅनिंग’ या शब्दाला नेमका उलटा बाजार आहे. मुंबई-पुण्याच्या ब्यूटी पार्लरमध्ये ‘टॅन काढण्या’साठी फेशियल केले जाते आणि १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमने, २०२० मध्ये नावातील ‘फेअर’ वगळले जाईपर्यंत, गोरेपणाच्या आकांक्षेवर मोठा व्यवसाय केला. रापवण्याच्या लोशनांना येथे फारशी मागणी नाही. आयात सौंदर्यप्रसाधनांना २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी करावी लागते.

परदेशी शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी व्यक्तींपुढे हा विषय व्यायामशाळेच्या सदस्यत्वाबरोबर मिळणाऱ्या टॅनिंग बेडच्या रूपाने येऊ शकतो. भारतीयांची त्वचा बहुधा चौथ्या ते सहाव्या प्रकारात मोडते. तिच्यात मेलॅनोमाचे प्रमाण कमी असले, तरी डाग पडण्याची प्रवृत्ती अधिक असते : अतिनील किरणांनी वांग वाढतो, आणि निकोटिनेट असलेल्या लोशनाने दाह झाल्यास लाली ओसरल्यावर त्या जागी महिनोन्महिने काळसर चट्टा राहू शकतो.